शून्य त्रुटी

भांडुपच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
शनिवारी चारला आमचा क्लब भरतो.
बाकं सातवीची, गुडघे वर टेकतात,
फळ्यावर सकाळच्या तासाचा लसावि तसाच.

अध्यक्षा पालेजाबाई. मुलुंडला चष्म्याचं दुकान.
पहिल्याच वर्षी म्हणाल्या,
वह्या वाटून झाल्या, रक्तदान झालं,
झाडं लावली, त्यातली तीन जगली.
आता ज्याच्या हाताला जे येतं, ते द्या.

डिमेलो बँकेतला, तो अर्ज लिहायला शिकवतो;
सहीच्या वर 'आपला विश्वासू' का लिहायचं
यावर एकदा पाऊण तास गेला.
साव्यांची सुलभा परिचारिका,
ती सांगते, पेशंटचं दुखणं जिन्यात बोलायचं नाही.
मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये तपासनीस.
मी व्हर्नियर आणतो, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून.

आधी जबडे मिटा, मी सांगतो.
मध्ये काही नको, बोटाचा घामसुद्धा.
शून्यासमोर शून्य येतं का बघा.
नाही आलं, तर तेवढी चूक त्याची आधीपासूनची.
ती लपवायची नाही,
प्रत्येक मापातून न विसरता वजा करायची.
आणि दिसलं तेच लिहायचं,
ड्रॉइंगवर छापलंय ते नाही,
साहेबाचा चेहरा सांगतोय ते तर नाहीच.

एकच पिन अकरा हातांतून फिरते,
नऊ वेगळे आकडे येतात.
मला बरं वाटतं. कुणी शेजारच्याचं बघितलं नाही.

तेव्हा करुणा शिंगाडे, आयटीआयचं दुसरं वर्ष,
वहीतून मान वर न काढता म्हणाली,
'सर, तुम्ही न बघता सही केलीय कधी?'

पंखा फिरत होता. एक पातं वाकडं,
दर फेरीला टक्.

केलीय, म्हणालो.
मार्चअखेर. चारशे बुश. गेटवर ट्रक सुरू.
पहिल्या ओळीत 'ठीक' लिहिलं
आणि खाली नुसत्या टिंबांच्या जोड्या ओढत गेलो,
पानाच्या तळापर्यंत, सुबक.
'मग? कुणाला काही झालं?'
माहीत नाही. कुठल्याशा पंपात बसले ते.
कुठल्या गावच्या, विचारलं नाही.
एप्रिलमध्ये मला बढती मिळाली.

कुणी काही बोललं नाही.
दारात पालेजाबाई चहाची किटली घेऊन उभ्या,
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

करुणाने पिशवीतून एक फॉर्म काढला.
सोमवारी रबाळ्याला मुलाखत.
'अनुभव' समोर एजंटाने लिहवून घेतलेलं : दोन वर्षे.
तिने ते खोडलं, एकाच सरळ रेषेत,
मी शिकवलं होतं तसं, खालचं वाचता येईल असं,
आणि शेजारी लिहिलं : सहा शनिवार.

नोकरी मिळाली नाही.
मंगळवारी फोन करून तिनेच सांगितलं,
थोडी माझ्यावर रागावलेलीच होती.
मी काय बोलणार? डिमेलोचा नंबर दिला,
आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ
स्वयंपाकघरात उगाच डबे सरळ करत राहिलो.

पुढच्या शनिवारी वाटलं, येणार नाही.
आली. वीस मिनिटं उशिरा,
माझ्याकडे न बघता फडकं सोडलं,
जबडे मिटले, खिडकीच्या उजेडात धरले,
एक डोळा बारीक करून म्हणाली,
'सर, हा पॉइंट झिरो फोर दाखवतोय.
मागच्या वेळी सांगितलं नव्हतं तुम्ही.'

मागच्या वेळी मी बघितलंच नव्हतं.

लिही, म्हटलं, फळ्यावर लिही,
सगळ्यांना दिसेल असं.
लसाविच्या खाली थोडी जागा होती.